एकटा बजी आणि दिवसभर रिकामं घर

दिवसाचे सात-आठ तास एकटं राहणं बजीला (बजरीगर, पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट) जमतं, पण रिकामं बसणं जमत नाही. त्याला उद्योग द्या. रोजच्या दाण्यातला थोडा भाग वाटीत न टाकता कागदाच्या चुरगळ्यात गुंडाळून किंवा पालकाच्या जुडीत खोचून पिंजऱ्यात दोन-तीन ठिकाणी अडकवा. शोधून खाण्यात त्याचा बराच वेळ जातो. चिरलेली भाजी मात्र तीन-चार तासांत खराब होते, त्यामुळे ती तुम्ही घरी असतानाच द्या.

आरसा लावू नका. बजी प्रतिबिंबाला जोडीदार समजून त्याला भरवायला बघतो, खाल्लेलं पुन्हा पुन्हा ओकतो. धागे सुटलेली दोरीची खेळणीही काढा. त्यात नखं अडकतात आणि सोडवायला घरी कोणी नसतं.

दाण्याची वाटी भरलेली दिसते तेव्हाच फसगत होते. बजी दाणा सोलून टरफल तिथेच टाकतो, म्हणून निघण्याआधी हलकी फुंकर मारून खाली दाणा उरलाय का ते बघा. दिवसाला साधारण दीड-दोन छोटे चमचे दाणा लागतो. पाणी दोन भांड्यांत ठेवा, एकात विष्ठा पडली तर दुसरं असतं.

पिंजरा भिंतीला टेकलेला हवा, सरकणारं ऊन थेट पडेल अशा खिडकीत नको. रेडिओ मंद आवाजात चालेल.

मुक्कामी जायचं असेल तर स्वयंचलित भांड्यांवर विसंबून राहू नका. रोज कुणीतरी येऊन बघायलाच हवं. पिसं फुगवून तळाशी बसलेला बजी दिसला, तर त्याच दिवशी पक्ष्यांचे डॉक्टर गाठायचे, हे बघायला येणाऱ्याला बजावून ठेवा.