‘रिटर्नची मुदत संपली’ हे उत्तर कायद्यात टिकत नाही

प्रश्न : मी कार्यक्रमांचे छायाचित्रण करून उदरनिर्वाह करतो. मूळ कंपनीची बॅटरी महाग पडते म्हणून एका ऑनलाइन संकेतस्थळावरून दुसऱ्या ब्रँडच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांचा चार्जर असा संच घेतला. जाहिरातीत आणि वेष्टनावर ‘२४०० एमएएच, मूळ बॅटरीच्या तोडीची’ असे छापले होते. त्या पहिल्यापासूनच निम्म्या वेळात उतरत होत्या. तिसऱ्या महिन्यात एक बॅटरी कॅमेऱ्यातच फुगून अडकली आणि ती काढताना बॅटरीच्या कप्प्यातील खटका मोडला व संपर्कपट्ट्या वाकल्या. ऐन कार्यक्रमात काम थांबल्याने मानधनही बुडाले. विक्रेता म्हणतो की सात दिवसांची रिटर्नची मुदत संपली. संकेतस्थळ म्हणते की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. आणि सेवा केंद्राने परकी बॅटरी वापरल्याचे कारण देऊन वॉरंटी नाकारली. बनावट माल विकल्याबद्दल मी कोणाकडून भरपाई मागावी?

उत्तर : आपली तक्रार विक्रेता आणि संकेतस्थळ या दोघांविरुद्ध ग्राहक आयोगात दाखल करता येईल, आणि माझ्या मते ती दाखल करण्याजोगी आहे. सेवा केंद्राला मात्र त्यात ओढू नये; त्याचे कारण पुढे येईल.

सर्वांत आधी ती फुगलेली बॅटरी सांभाळा. ती पुन्हा चार्ज करू नका, दाबू किंवा टोचू नका, आणि जळाऊ वस्तूंपासून दूर, धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा. विक्रेता आता अचानक ‘बॅटरी परत पाठवा, मग पाहू’ असे म्हणण्याची शक्यता आहे. तिला साध्या कुरिअरने पाठवू नका. खराब झालेल्या लिथियम बॅटऱ्या विमानाने पाठवण्यास मनाई असते आणि ती वाटेत पेटल्यास जबाबदारी पाठवणाऱ्यावर येऊ शकते. शिवाय आपल्या प्रकरणातील मुख्य पुरावा तीच आहे आणि ती एकदा हातची गेली की दोष सिद्ध करणे फार अवघड होईल.

आता सामनेवाला जो पहिला आक्षेप घेईल त्याकडे वळू. आपण कॅमेरा धंद्यासाठी वापरता, म्हणून आपण ग्राहकच नाही, असे तो म्हणेल. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तू वगळल्या आहेत हे खरे, परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका कमावण्यासाठी जी व्यक्ती वस्तू घेऊन स्वतः वापरते, तिचा हेतू व्यापारी मानला जाणार नाही. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात सविस्तर लावलेला आहे. म्हणून तक्रारीत ‘मी स्वतः छायाचित्रण करतो आणि हेच माझ्या उपजीविकेचे साधन आहे’ हे वाक्य स्पष्टपणे लिहा. अनेक प्रामाणिक तक्रारी हे एक वाक्य नसल्यामुळे अडचणीत येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘बनावट’ हा शब्द मात्र आपण वापरू नये. मूळ कंपनीचे नाव आणि चिन्ह चोरून लावलेली बॅटरी बनावट ठरते आणि तिथे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली फौजदारी कारवाईही होऊ शकते. आपल्या बॅटरीवर विक्रेत्याचा स्वतःचा ब्रँड होता. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यात बसणारी बॅटरी स्वतःच्या नावाने विकणे बेकायदेशीर नाही. आपली खरी तक्रार सदोष वस्तूची आणि खोट्या दाव्याची आहे, आणि ती पुरेशी भक्कम आहे. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(१०) मधील ‘दोष’ या संज्ञेत, कायद्याने किंवा कराराने आवश्यक असलेला दर्जा नसणे हे तर येतेच, पण व्यापाऱ्याने ‘कोणत्याही प्रकारे’ केलेल्या दाव्यापेक्षा वस्तू कमी पडणे हेही येते. वेष्टनावर क्षमतेचा २४०० हा आकडा विक्रेत्याने स्वतः छापला आहे. किंमत कमी होती म्हणून त्या आकड्याची जबाबदारी कमी होत नाही.

त्या बॅटरीवर आणखी एक गोष्ट बारकाईने पाहा. अशा पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांना भारतात आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोकडे सक्तीची नोंदणी लागते आणि मानकचिन्हाजवळ ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांक नसेल किंवा तो दुसऱ्याच उत्पादकाचा निघाला, तर कायद्याने आवश्यक असलेला दर्जा पाळला गेला नाही हे दाखवण्याचे काम निम्मे झाले असे समजा. वेष्टनावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव, पत्ता आणि मूळ देश छापलेला आहे का, तेही पाहा. वैधमापन शास्त्राखालील २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार ती माहिती बंधनकारक आहे.

सात दिवसांच्या मुदतीचे उत्तर ऐकून बहुतेक लोक गप्प बसतात, आणि विक्रेत्यांना नेमके तेच हवे असते. रिटर्नची मुदत ही संकेतस्थळाने दिलेली सोय आहे. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण तिच्यात नसतील, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम २(४७) मधील अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत बिलावरील मुदतीचा उल्लेख आहे, आणि विक्रेत्याचा वकील त्यावर बोट ठेवील. पण तो उल्लेख त्या प्रथेच्या एका पोटप्रकारापुरता आहे. सदोष वस्तूबद्दल आयोगाकडे जाण्याची मुदत कलम ६९ नुसार, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे.

संकेतस्थळाच्या ‘मध्यस्थ’ या बचावाला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ७९ चा आधार आहे, पण ते संरक्षण अटींवर मिळते. माल त्यांच्याच गोदामातून आला का, वेष्टन त्यांचे होते का, त्यांनी स्वतः एखादी हमी दिली होती का, हे बिलावरून आणि खोक्यावरून पडताळा. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ८६ नुसार, स्वतः उत्पादक नसलेला विक्रेताही जबाबदार धरला जातो, जर त्याने स्वतंत्र हमी दिली असेल किंवा उत्पादक कोण हे समजतच नसेल. अनोळखी ब्रँडच्या बाबतीत हा शेवटचा मुद्दा ग्राहकाच्या फार उपयोगी पडतो.

सेवा केंद्राचा राग येणे स्वाभाविक आहे. तथापि परक्या बॅटरीमुळे झालेले नुकसान वॉरंटीतून वगळण्याची अट सहसा लिहिलेली असते आणि इथे नुकसान त्या बॅटरीनेच केले आहे. (उद्या कॅमेऱ्याचे शटर बिघडले आणि तेव्हाही हेच कारण पुढे केले, तर मात्र जरूर भांडा.) त्यांच्याकडून जॉब शीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) ‘बॅटरी फुगल्यामुळे कप्प्याचे नुकसान’ असे लेखी कारण आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक घ्या. वॉरंटी नाकारणारा तोच कागद विक्रेत्याविरुद्ध आपला साक्षीदार होईल.

मागणी ठरवताना हात आखडता नको आणि सैलही नको. बॅटऱ्यांची किंमत, कॅमेऱ्याच्या दुरुस्तीचा खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च या मागण्या योग्य आहेत. कॅमेरा ही सदोष वस्तूखेरीजची मालमत्ता असल्याने त्याचे नुकसान उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या हानीच्या जबाबदारीच्या, तरतुदींत बसते. बुडालेले मानधन त्या तरतुदींत बसत नाही, कारण ‘हानी’च्या व्याख्येतून व्यापारी व आर्थिक तोटा वगळलेला आहे. ते कलम ३९ खाली निष्काळजीपणाची भरपाई म्हणून मागता येईल. सोबत कामाचा लेखी करार किंवा संदेश जोडा, पण ते मिळेलच असे मी म्हणणार नाही.

क्षमता कमी असल्याचे केवळ आपल्या अनुभवावरून सिद्ध होणार नाही, कारण पडद्याचा वापर आणि चित्रीकरणाचा प्रकार यांनुसार बॅटरी कमीजास्त टिकते. न फुगलेली दुसरी बॅटरी इथे कामाची आहे. कलम ३८ खाली आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. तिचे शुल्क आधी आपल्याला भरावे लागेल. चार्जर त्याच संचातला वापरला हेही नमूद करा, अन्यथा गैरवापराचा बचाव घेतला जाईल. जाहिरातीचे पान बदलण्याआधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या आणि त्यांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र जोडा.

प्रथम संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करणे अपेक्षित आहे. त्याच वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तेवढ्याने भागले नाही तर विक्रेता आणि संकेतस्थळ या दोघांना नोटीस पाठवून, आपण जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि आपली बाजू आपण स्वतः मांडू शकता.