शंका-समाधान : मोबाइलची बॅटरी फुगते ती कशाने?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नवी पेठेत आमचे चादरी आणि टॉवेलचे दुकान आहे. ऑर्डरी घेण्यासाठी आणि पैसे जमा झाल्याचे पाहण्यासाठी एक जुना मोबाइल आम्ही गल्ल्याशेजारच्या काचेच्या कपाटावर ठेवलेला असून तो दिवसरात्र चार्जरला जोडलेलाच असतो. जवळजवळ दोन वर्षे तो बिनतक्रार चालला. यंदा मे महिन्यात त्याचे मागचे झाकण एका कडेने उचलले गेले, टेबलावर ठेवला की तो डुगडुगू लागला आणि पडद्यावर मधोमध पिवळसर डाग दिसू लागला. बॅटरी फुगली आहे, असे दुरुस्ती करणाऱ्याने सांगितले. कारण विचारले तर तो म्हणतो, चार्जर डुप्लिकेट. मुलगा म्हणतो, रात्रभर लावून ठेवल्याने ओव्हरचार्ज झाली. शेजारचे दुकानदार म्हणतात, गेल्या पावसाळ्यात ओल शिरली असणार. खरे कोणाचे? शिवाय सुईने बारीक भोक पाडून आतली हवा काढली की बॅटरी पूर्ववत होते, असे एका व्हिडिओत दाखवले आहे. तसे करून पाहावे का?
– एक व्यापारी, नवी पेठ, सोलापूर

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची चर्चा सवडीने करता येईल, हा प्रयोग मात्र एखाद्या रिकाम्या दुपारी कोणीतरी करून बसेल. बॅटरीला भोक पाडू नये. सुईने नाही, टाचणीने नाही, कितीही बारीक नाही. मोबाइलची बॅटरी म्हणजे एक बंद पिशवीच असते आणि त्या पिशवीत हवा नसतेच. आत तांब्याचा पातळ पत्रा व त्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा व त्यावर लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा लेप, आणि या दोहोंना अलग ठेवणारा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा, असे थर एकमेकांवर घट्ट बसवलेले असतात. हा पडदा साधारण १० ते २५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. सुईचे टोक त्यातून गेले की दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, तेथे शॉर्ट होऊन उष्णता निर्माण होते, त्या उष्णतेने शेजारचा पडदा वितळतो, आणखी शॉर्ट होते, आणि काही सेकंदांत बॅटरी पेट घेऊ शकते. पेटली नाही तरी आतला द्रव ज्वालाग्राही आहे, आणि त्यात विरघळलेल्या लिथियमच्या क्षाराचा दमट हवेशी संबंध आला की हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. चादरींच्या दुकानात हे करणे म्हणजे कापसाच्या गोदामात फटाका लावून पाहणेच झाले.

आता फुगण्याविषयी. मोबाइलच्या बॅटरीतला द्रव, ज्याला इलेक्ट्रोलाइट म्हणतात, तो कार्बोनेट वर्गातील सेंद्रिय द्रावकांचा असतो, आणि बॅटरीच्या विद्युतदाबापुढे तो मुळातच पूर्णपणे टिकणारा नाही. पहिल्या चार्जिंगच्या वेळीच ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर त्याचे थोडे विघटन होते आणि त्यातून एक पातळ थर धरतो. दुधावर साय धरावी तसा हा थर पुढे खालच्या ग्रॅफाइटला द्रवापासून अलग ठेवतो आणि विघटन आटोक्यात राहते. या पहिल्या चार्जिंगमध्येही वायू सुटतो, म्हणून कारखान्यात पिशवीला एक जादा कप्पा ठेवतात, वायू त्यात जमू देतात, तो काढून घेतात आणि मग कप्पा कापून पिशवी कायमची बंद करतात. म्हणजे आपल्या हाती येणारी प्रत्येक बॅटरी एकदा फुगून आलेली असते. त्यानंतर सुटणाऱ्या वायूला मात्र बाहेर पडायला वाट राहत नाही. चार्ज होताना ग्रॅफाइट प्रसरण पावते, उतरताना आकसते. त्या हालचालीने साय ठिकठिकाणी तडकते, उघड्या पडलेल्या जागी नवी धरते, आणि प्रत्येक वेळी थोडा द्रव खर्ची पडून थोडा वायू सुटतो. कार्बन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, इथिलीन, हायड्रोजन, मिथेन असे वायू त्यात आढळतात. जुन्या बॅटरीची जाडी किंचित वाढणे हे वयाचे लक्षण समजावे, आणि तेवढी जागा मोबाइल बनवणारे सोडतातही. झाकण उचलले जाणे हे मात्र वयाचे लक्षण नव्हे. तेथे विघटनाचा वेग कशाने तरी वाढलेला असतो.

तो कशाने वाढला, यावर आपल्याकडे तीन मते आहेत. शेजाऱ्यांचे मत प्रथम बाजूला ठेवू. ओल ही बॅटरीची शत्रू आहे खरी, इतकी की बॅटरी जुळवण्याचे काम अत्यंत कोरड्या ठेवलेल्या खोल्यांत करतात. पण एकदा पिशवी बंद झाली की पावसाळी हवा तीत शिरत नाही. मोबाइल आपटून किंवा झाकण उचकटताना पिशवीची कड दुखावली असेल तर गोष्ट वेगळी.

चार्जरचे म्हणाल, तर बॅटरीत किती वीज जाऊ द्यायची हे चार्जर ठरवत नाही, मोबाइलमधली चिप ठरवते. निकृष्ट चार्जरमुळे मोबाइल जास्त तापू शकतो, आणि त्याचे आतले इन्सुलेशन कच्चे असेल तर विजेचा झटकाही बसू शकतो, म्हणून तो वापरू नयेच. परंतु मोबाइलची यंत्रणा धड असताना केवळ चार्जरने बॅटरी फुगवल्याचे उदाहरण विरळा. ‘चार्जर डुप्लिकेट’ हे उत्तर मला नेहमीच जरा सोयीचे वाटत आले आहे. दोष गिऱ्हाइकाकडे जातो आणि नवा चार्जरही खपतो.

चिरंजीव निम्मे बरोबर आहेत. खऱ्या अर्थाने ओव्हरचार्ज झालेले नाही, कारण ठरलेल्या दाबाला (पूर्वी हा ४.२ व्होल्ट असे, हल्लीच्या अनेक मोबाइलमध्ये तो ४.४ व्होल्टच्या आसपास असतो) चिप वीज थांबवते आणि बॅटरीवर संरक्षणाचे निराळे सर्किटही असते. पण भरलेली अवस्था हीच बॅटरीला जड जाते. त्या अवस्थेत धन बाजूचा दाब सर्वांत जास्त असतो आणि तेथील द्रवाचे विघटन सर्वांत वेगाने होते. एखाद्याने रात्री मोबाइल लावला आणि सकाळी काढला, तर बॅटरी त्या अवस्थेत चार-पाच तास राहते. आपला मोबाइल जवळजवळ दोन वर्षे तेथेच आहे. थोडा उतरला की पुन्हा भरला. मागावरचा ताणा गरजेपेक्षा घट्ट करून कायम तसाच ठेवला तर सुताचे काय होते, हे सोलापूरकराला वेगळे सांगायला नको.

आणि ज्याचे नाव कोणीच घेतले नाही, ते ऊन. रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की अंदाजे दुप्पट होतो, असा एक ढोबळ आडाखा आहे. ॲपल कंपनी आपले फोन ० ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावेत असे सांगते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतला पाराच ४० च्या वर जातो. काचेचे कपाट, त्यावर दुकानाचे दिवे, दुपारी शटरमधून येणारी तिरीप, आणि चार्जिंगची स्वतःची उष्णता हे सगळे त्यावर वाढीव. दोन वर्षे भरलेली बॅटरी थंड जागी असती तर कदाचित आणखी काही काळ निभावली असती, आणि तापलेली बॅटरी अर्धीच भरलेली असती तरी कदाचित निभावली असती. दोन्ही एकत्र आले आणि ती मे महिन्यात फुगली, असे माझे मत आहे.

उत्पादनातला दोष हेही एक कारण असते. सॅमसंगचा गॅलॅक्सी नोट ७ हा फोन २०१६ मध्ये बाजारातून परत घ्यावा लागला, आणि दोष बॅटरीच्या रचनेत व जोडणीत असल्याचे कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये सांगितले. मात्र तेथे आतून शॉर्ट होऊन आग लागत होती, आणि तीही फोन विकले जाऊ लागल्यापासून काही आठवड्यांतच. दोन वर्षे निमूट चाललेल्या बॅटरीबाबत मी ती शंका शेवटी घेईन.

तूर्त काय करावे? मोबाइल बंद करून चार्जरपासून काढावा आणि पुन्हा लावू नये, ‘फक्त नंबर काढून घेण्यापुरता’ही नाही. उचललेले झाकण दाबून बसवू नये, त्यावर रबर लावू नये, मोबाइल खिशात ठेवू नये. कापडाच्या गठ्ठ्यांपासून दूर, मोकळ्या फरशीवर किंवा कोरडी वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता तो ठेवावा आणि एक-दोन दिवसांत दुरुस्तीला न्यावा. धूर येऊ लागला किंवा फुसफुस ऐकू आली, तर हात न लावता सगळ्यांनी बाहेर पडावे, मेन स्विच बंद करता आला तर करावा आणि १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे.

नवी बॅटरी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा; तो क्रमांक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर पडताळता येतो. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नये, कारण कचरा दाबला जातो तेव्हा तीही दाबली जाते. बॅटरीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले जे चिन्ह असते, त्याचा अर्थ तोच आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती कंपनीच्या सेवा केंद्रात किंवा अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. दुकानातला मोबाइल पुढेही गल्ल्याशेजारी राहणार असेल, तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय आहे का ते पाहावे. नसल्यास टायमरचा सॉकेट बसवून दिवसातून दोनदा तासभर वीज द्यावी. जागा मात्र बदलावीच.

प्रश्न : मी दुचाकीवरून घरपोच जेवण पोहोचवतो. मोबाइल हँडलवरच्या होल्डरमध्ये असतो आणि गाडीवरूनच चार्ज होतो. सात रस्ता ते जुळे सोलापूर एवढ्या अंतरातही तो इतका तापतो की पडदा आपोआप मंद होतो. घरी आल्यावर थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवतो. यानेही बॅटरी फुगते का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : फुगू शकते. पडदा मंद होणे हा मोबाइलने स्वतःला वाचवण्याचा प्रयत्न आहे. त्याच वेळी ऊन, रस्ता दाखवणारे जीपीएस, पूर्ण उजेडातला पडदा आणि चार्जिंग अशा चार बाजूंनी उष्णता येते, त्यांतले चार्जिंग तेवढे आपल्या हातात आहे. भर दुपारी ते बंद ठेवावे. सकाळी घरून भरून न्यावा आणि मध्ये उपाहारगृहाच्या सावलीत ऑर्डरची वाट पाहताना थोडा चार्ज करावा. फ्रीज मात्र नको. बॅटरी त्याने बिघडेलच असे नाही, पण गरम मोबाइल एकदम गार झाला आणि मग बाहेरच्या हवेत आला की त्यावर आणि आतही दव धरते, आणि त्याने सर्किट खराब होते. कव्हर काढून पंख्याखाली ठेवणे पुरेसे आहे.

प्रश्न : वडिलांचा मोबाइल त्यांच्या पश्चात वर्षभर कपाटाच्या खणात पडून होता. परवा काढला तर पडदा वर आलेला. वापरच नसताना बॅटरी कशी फुगली? त्यात त्यांचे फोटो आहेत, म्हणून चार्जिंगला लावून पाहावा म्हणते.
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : कृपया लावू नका. बंद मोबाइलची बॅटरीही हळूहळू उतरत राहते. ती फारच खाली गेली की तांब्याच्या पत्र्यातले तांबे द्रवात विरघळू लागते, ग्रॅफाइटवरची साय मोडते आणि वायू सुटतो. अशी बॅटरी पुन्हा चार्ज केली तर विरघळलेले तांबे नको त्या जागी जमून आतल्या आत शॉर्ट होण्याचा धोका असतो. (मोबाइल ठेवूनच द्यायचा असेल तर साधारण निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवावा आणि सहा महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत भरावा.)

फोटोंची काळजी नसावी. ते बॅटरीत नसतात, मोबाइलच्या मेमरीत असतात, आणि बॅटरी फुगल्याने मेमरीला सहसा काही होत नाही. दुरुस्ती करणाऱ्याला फुगलेली बॅटरी काढून नवी जोडायला सांगावे आणि आपण समोर बसून फोटो दुसऱ्या मोबाइलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावेत. वर आलेला पडदा काढताना तुटण्याची शक्यता असते, पण तो बदलता येतो. मोबाइलला कुलूप असेल तर वडिलांचा पिन किंवा पॅटर्न घरात कोणाला आठवतो का, एवढे दुकानात जाण्यापूर्वी विचारून घ्यावे. बोटाच्या ठशाने उघडणारा मोबाइलही बंद करून पुन्हा सुरू केल्यावर आधी पिनच मागतो.