फाइल फुगली, प्रोग्रॅम बसला

या खेपेच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: डेटा वाढला आणि काल चालणारा प्रोग्रॅम आज चालेना. बरेच जण डिस्कला बोल लावून नवी एसएसडी घ्यायच्या बेतात आहेत. जरा थांबा.

प्रश्न: अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आम्ही मोटारींच्या कंपनांची चाचणी घेतो. 32 सेन्सर, प्रत्येकाची सेकंदाला 1,000 मोजमापे, पाळी आठ तासांची. सी++ मधला प्रोग्रॅम प्रत्येक ओळ 'एंडएल'ने संपवून ऑफिसच्या सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये थेट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली मजकूर फाइल) लिहितो. मधली मोजमापे गळतात आणि दुसऱ्या दिवशी फाइल वाचायला बसलं की सकाळ जाते. एसएसडी घेऊ का?

नका घेऊ. आधी हिशेब मांडू. आठ तासांचे 28,800 सेकंद, म्हणजे पाळीला 92 कोटी 16 लाख आकडे. '23.481934' हा एक आकडा स्वल्पविरामासकट दहा बाइट खातो. फाइल झाली 9.2 जीबीची, पण लिहिण्याचा वेग सेकंदाला जेमतेम 320 किलोबाइट. एवढं तर जुनी हार्ड डिस्कही सहज लिहिते.

अडतंय ते 'एंडएल'पाशी. तो नुसती नवी ओळ देत नाही, बफरात, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठलेलं सगळं तिथल्या तिथे बाहेर ढकलतो. सेकंदाला हजार ओळी, म्हणजे हजार वेळा ढकलणं आणि तेही नेटवर्कवरून. एका फेरीला एक मिलिसेकंद लागला तरी सेकंद तिथेच संपला! टोमॅटोचा एकेक क्रेट घेऊन मार्केट यार्डाची खेप करण्यातला प्रकार आहे हा. साधं नव्या ओळीचं चिन्ह वापरा, फाइल आधी स्वतःच्या मशिनवर लिहा आणि पाळी संपल्यावर सर्व्हरवर पाठवा.

तरी अधूनमधून गळती होईल. कारण सेन्सरची मोजमापे संगणकात आणणाऱ्या कार्डाकडून ती घेणारा आणि फाइल लिहिणारा धागा (थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक ओघ) तुमच्याकडे एकच दिसतो. ऑपरेटिंग सिस्टिमने लिहिताना क्षणभर रोखलं की तेवढ्यात कार्डाचा बफर भरून वाहतो. दोन धागे करा: एकाने फक्त मोजमाप घ्यायचं आणि रांगेत टाकायचं, दुसऱ्याने रांगेतून एकेक मेगाबाइटचे गठ्ठे उचलून लिहायचे.

आता वाचण्याचं. तुमची सकाळ डिस्क खात नाही, अक्षरांचे पुन्हा आकडे करण्यात जाते, तेही 92 कोटी वेळा. म्हणून बायनरीत लिहा, म्हणजे अक्षरं न करता आकडे संगणकाच्या रूपातच. डबलमध्ये, म्हणजे आकड्याला आठ बाइट देऊन, लिहिलं तर 7.4 जीबी होईल. पण तुमचं कार्ड 16 बिटांचं असेल, तर त्याने दिलेला मूळ आकडा दोन बाइटांत मावतो. तोच जसाच्या तसा लिहा, त्याचं खरं मोजमाप करणारा गुणक वेगळा नोंदवा. फाइल 1.84 जीबीत आटोपते आणि अचूकतेत काडीचा फरक पडत नाही. दशांशानंतरचे ते सहा आकडे कार्डाने दिलेले नव्हतेच, छापणाऱ्याने दिले होते.

फाइलीच्या सुरुवातीला 4,096 बाइटांचं शीर्षक राखून ठेवा. त्यात तारीख, वेग, सेन्सरची संख्या, प्रत्येकाचा गुणक आणि बाइटांचा क्रम लिहा. ते नसेल तर दोन वर्षांनी ती फाइल कोणालाच उलगडणार नाही. पुढे प्रत्येक ओळ 64 बाइटांची, 32 सेन्सरचे दोन-दोन बाइट. पाच तासांनंतरचं मोजमाप हवं? तोवरच्या ओळी 1,80,00,000 गुणिले 64, अधिक 4,096. तेवढ्या बाइटांवर थेट उडी. पायथनमध्ये 'नमपाय'चा 'मेममॅप' हेच करतो: फाइल मेमरीत न भरता लागेल तेवढीच पानं आणतो. विंडोजवर सी मधल्या 'एफसीक'ला, म्हणजे अशी उडी मारणाऱ्या आज्ञेला, मात्र जपा. ती जागा 'लाँग' प्रकारच्या आकड्यात घेते आणि तिथे तो 32 बिटांचा असतो, त्यामुळे पाळी दहा तासांची झाली की 2.3 जीबीच्या फाइलीत उडी चुकते. त्याचा 64 बिटांचा प्रकार वापरा.

प्रश्न: मी कॉलेज रोडला राहतो, शेवटच्या वर्षाला आहे. लासलगावसह सगळ्या बाजार समित्यांच्या कांद्याच्या भावांवर प्रकल्प करतोय. मिळून 6 जीबीच्या 100 सीएसव्ही. लॅपटॉपची मेमरी 8 जीबी. पायथनच्या तक्ते हाताळणाऱ्या पांडाज लायब्ररीत एकेक फाइल वाचून आधीच्या तक्त्याला जोडतो. साठाव्या फाइलीच्या आसपास लॅपटॉप गप्प होतो.

जोडण्याची रीतच चुकीची आहे. दर जोडणीला पांडाज आधीचा सगळा तक्ता नव्याने उतरवून काढतो. पहिल्या खेपेला एक फाइल, मग दोन, मग तीन. शंभरीपर्यंत 5,050 फायलींइतकी नक्कल होते. तुकडे एका यादीत ठेव आणि 'कॉनकॅट' (सगळे एकत्र जोडणं) शेवटी एकदाच कर.

पण मुळात सगळं वाचतोस कशाला? तुला तारीख, बाजार समिती, पीक, आवक आणि भाव एवढेच रकाने हवेत. 'यूजकॉल्स'मध्ये तेवढेच सांग. बाजार समितीचं नाव 'कॅटेगरी' कर. मग प्रत्येक नाव मेमरीत एकदाच राहतं आणि ओळीगणिक फक्त एक-दोन बाइटांचा क्रमांक. इतर पिकांच्या ओळी 'चंकसाइज' लावून तुकड्यातुकड्यानेच गाळून टाक.

एवढं झालं की तो गाळलेला तक्ता बाजार समिती आणि तारखेप्रमाणे क्रमाने लावून पार्के या फाइलप्रकारात लिहून ठेव. पार्के 2013 साली ट्विटर आणि क्लाउडेरा यांनी मिळून आणलं. त्यात माहिती रकान्यांनुसार साठवलेली असते आणि ओळींच्या प्रत्येक गटाची किमान-कमाल मूल्यं नोंदवलेली असतात. लासलगाव मागितलं की वाचणारा बाकीचे गट न उघडताच ओलांडतो. हा फायदा मात्र क्रमाने लावून लिहिलं तरच. नावं विखुरलेली असतील तर प्रत्येक गटात लासलगाव सापडेल आणि सगळंच वाचावं लागेल. लावायचे कष्ट एकदाच, प्रकल्पाचे प्रयोग मात्र तू रोज करणार आहेस.

प्रश्न: पिंपळगाव बसवंतला द्राक्ष निर्यातीच्या ऑफिसात मी नोंदी बघते. शीतगृहाच्या तापमानाची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर हंगामाचा शेवट दिसतच नाही. पॅलेटच्या क्रमांकांची अखेरही शून्यांनी होते. फाइल खराब आहे का?

ताई, फाइल ठीक आहे, फक्त एक्सेलमध्ये 'सेव्ह' दाबू नका. एका पानावर 10,48,576 ओळी ही एक्सेलची मर्यादा, पुढच्या दाखवतच नाही. आणि आकड्याचे पहिले 15 अंकच तो सांभाळतो. पॅलेटवरचा एसएससीसी क्रमांक 18 अंकी, म्हणून शेवटचे तीन शून्य होतात. 'सेव्ह' केलंत तर दोन्ही गोष्टी कायमच्या गेल्या. क्रमांकाचा रकाना नेहमी मजकूर म्हणून आयात करा. मोठ्या फाइलीसाठी डकडीबी हा डेटाबेस प्रोग्रॅम वापरा. फुकट आहे, सीएसव्हीवर थेट प्रश्न विचारता येतात, आणि 'चार अंशांच्या वर तापमान कधी गेलं' याचं उत्तर दोन ओळींच्या एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत) मिळतं. ते चिमूटभर उत्तर मग खुशाल एक्सेलमध्ये न्या.

प्रश्न: जुन्या मराठी नोंदींची मोठी टेक्स्ट फाइल 65,536 बाइटांच्या तुकड्यांनी वाचतो. मध्येच एखाद्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकट उमटतो. फाँट बदलून पाहिला.

फाँटचा काही दोष नाही. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं: 'कांदा' म्हणजे पाच चिन्हं, पंधरा बाइट. 65,536 ला तीनने भागलं तर एक उरतो. तुमचा काप अक्षराच्या मधोमध पडतो, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मोकळ्या जागा एकेका बाइटच्या असल्यामुळे तो काप प्रत्येक तुकड्याला असा पडतोच असं नाही, म्हणूनच दोष हाती लागत नाही. फाइल टेक्स्ट म्हणून उघडा, शेपूट सांभाळायचं काम लायब्ररी करते. बाइटच वाचायचे असतील तर अर्धवट अक्षर पुढच्या तुकड्यापर्यंत राखून ठेवणारा 'इन्क्रिमेंटल डीकोडर' वापरा.

प्रश्न: सिन्नरला वीज कधी जाईल सांगता येत नाही. दिवसभर लिहिलेली पार्के फाइल वीज गेल्यावर उघडतच नाही.

पार्केचा सगळा तपशील फाइलीच्या शेवटी लिहिला जातो, तोही फाइल बंद करताना. त्याआधी वीज गेली की आतला डेटा असून नसल्यासारखा. म्हणून चालू नोंद साध्या, पुढेपुढे वाढणाऱ्या फाइलीत घ्या आणि तासातासाला त्याची पार्के करा. ती तात्पुरत्या नावाने लिहा, बंद करा, 'एफसिंक' करून डिस्कवर उतरवा आणि मगच खरं नाव द्या. लिहिण्याची आज्ञा परत आली म्हणजे डेटा डिस्कवर गेला, असं नसतं. तो काही काळ मेमरीतच असू शकतो. यूपीएस घ्याच, पण तो असला तरी हे सोडू नका.

प्रश्न: पेन ड्राइव्हवर 25 जीबी मोकळे आहेत, तरी 5 जीबीची फाइल कॉपी होत नाही.

ड्राइव्ह फॅट32 या फाइली साठवण्याच्या जुन्या पद्धतीत असणार. तिथे एक फाइल 4 जीबीहून एक बाइट कमी, एवढीच मोठी असू शकते. आतलं सगळं दुसरीकडे काढा आणि ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. घाई असेल आणि फाइल सीएसव्ही असेल तर झिप करून पाहा, बहुतेक वेळा 4 जीबीच्या खूप खाली येते.