डोळ्याभोवती तपकिरी डाग असलेला केनियातला हा पक्षी हंस की बदक? सोबतच्या दोघांना डाग का नाही?

तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून हा इजिप्शियन गूज. नावात गूज, म्हणजे हंस, असलं तरी नात्याने तो आपल्या चक्रवाक बदकाला जवळचा. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर नारिंगी चक्रवाक पाहिले असतील, तर हा त्यांचा थोराड, मळकट रंगाचा चुलतभाऊ समजा.

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं नैरोबीत होतो. नैवाशा सरोवराचं पाणी वाढून काठची बाभळीची झाडं बुडून वाळली आहेत, त्यांच्या खोडांवर यांच्या जोड्या हमखास दिसायच्या. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला कुणीतरी डोळ्यावर ठोसा लगावलाय! छातीवरही तसाच एक गडद डाग असतो. पाय आणि चोच गुलाबी, लांबी साधारण ६५-७० सेंमी. नर-मादी दिसायला सारखेच, नर जरासा मोठा. अंगावरून तो भुरकट वाटतो, पण उडाला की पंखावरचा पांढराशुभ्र पट्टा एकदम उघडतो. त्यामागे काळी पिसं आणि हिरवी झळाळी. जोडीतली ओळख आवाजावरून पटते: मादी कर्कश ओरडते, नर मात्र पंक्चर झालेल्या ट्यूबसारखा फुसफुसतो.

राहायला याला दोनच गोष्टी लागतात: गोडं पाणी आणि जवळ चरायला आखूड गवत. हो, चरायला, याचं पोट मुख्यतः गवतावर भरतं. त्यामुळे सहाराच्या दक्षिणेला तळी, नद्या, धरणं, शेतं, अगदी गोल्फच्या मैदानांवरही तो दिसतो. उत्तरेला नाईलच्या खोऱ्यात आहेच, इथिओपियात तर ४००० मीटर उंचीपर्यंत. घनदाट जंगल मात्र नको. घरटं जमिनीवर, झाडाच्या ढोलीत किंवा दुसऱ्याच पक्ष्याच्या जुन्या घरट्यात. उंचावर असलं तर पिल्लं सरळ खाली उड्या टाकतात. पिसं झडतात त्या दिवसांत उडता येत नाही, म्हणून तेव्हा मोठ्या, उघड्या पाण्याचा आसरा घेतात.

शोभेसाठी युरोपात नेलेले तिथे इतके पसरले, की २०१७ मध्ये युरोपीय संघाने त्यांना उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत टाकलं.

राहिले सोबतचे ते बिनडागाचे दोघे. ती बहुधा याचीच वाढती पिल्लं. डोळ्याचा आणि छातीचा डाग जन्मतः नसतो, काही महिन्यांनी उमटतो.