अमेरिकेहून आणलेली व्हिडिओ डोअरबेल सोलापूरच्या घरात जुन्या बेलच्याच वायरीवर चालेल का?

तुमचा प्रश्न असा आहे: भावाने अमेरिकेहून व्हिडिओ डोअरबेल आणलीय, दाराबाहेरच्या बेलपुशमागे दोन वायरी आहेतच, नव्या बेलच्या पाठीलाही दोनच स्क्रू आहेत, मग जोडून टाकू का?

नका जोडू. आम्ही जोडली होती. आमचं घर जुळे सोलापुरात, बेल मेहुण्यांनी आणलेली. वायरमन म्हणाला, "दोनच वायरी हैत की ओ, लावून बगू." मी शिडी धरून उभा. मेन चालू केला, बटणाभोवतीचा निळा दिवा एकदाच लखकन पेटला, 'फट्' झालं आणि दारात जळका वास. एमसीबीसुद्धा पडली नाही.

बेलच्या पाठीवरचं बारीक अक्षर आम्ही नंतर वाचलं: १६ ते २४ व्होल्ट एसी. अमेरिकेतल्या घरांत बेलसाठी छोटा ट्रान्सफॉर्मर आधीपासूनच बसवलेला असतो, त्यामुळे तिथल्या बेलच्या दोन वायरी म्हणजे कमी व्होल्टेजच्या वायरी. आपल्याकडे डिंगडाँग सरळ २३० वर चालते. बोर्डातून फेज निघतो, बेलपुशमधून बेलला जातो आणि न्यूट्रल परस्पर बेलला मिळतो. म्हणजे दारावरच्या त्या दोन वायरी फेज आणि न्यूट्रल नाहीतच. एक फेज, दुसरी बेलकडे जाणारी रिटर्न. टेस्टर लावून बघा, एकाच स्क्रूवर पेटेल. बटण दाबून धरलं की दोन्हीवर. म्हणून "तिथेच पेटीत एक अ‍ॅडॉप्टर बसवतो" असं कुणी म्हणालं तर विचारा, अ‍ॅडॉप्टरला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात, न्यूट्रल कुठून घेणार?

करायचं ते असं. जुनी बेल काढून टाका, ती या नव्या बेलबरोबर चालणार नाही. दारावरच्या दोन्ही वायरींची आतली टोकं शोधा आणि फेज जिथून घेतलाय तिथून तो सोडवा. आता त्या दोन वायरी मोकळ्या झाल्या. त्यांना आतल्या बाजूने ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी, म्हणजे कमी व्होल्टेजची बाजू, द्यायची.

आमचं घोडं इथेच अडलं. फेज पोर्चच्या लाइटच्या बोर्डातून उचललेला, रिटर्न गेलेली थेट स्वयंपाकघराच्या दारावर. दोन टोकांची भेटच नाही. शेवटी हॉलच्या बोर्डापासून दारापर्यंत नवी दोन कोअरची वायर पट्टीतून ओढली. दिसायला बरं नाही, पण भिंत फोडण्यापेक्षा परवडलं. ही वायर २३० च्या पाइपातून मात्र नेऊ नका.

ट्रान्सफॉर्मर घेताना दुकानदार २४ व्होल्ट पाहिजे म्हटल्यावर १२-०-१२ (तीन वायरींचा, मधली शून्याची) हातात ठेवेल. दोन टोकांवर २४ मिळतात हे खरं, पण लोड नसताना ते २६-२७ पर्यंत चढतात, आणि रात्री लाइनच चढलेली असली तर आणखी. मी ९-०-९, २ अँपिअरचा घेतला. दोन टोकांवर १८ व्होल्ट, ३६ व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), म्हणजे बेलच्या मर्यादेत आरामात. मधली वायर टेप मारून सोडून द्यायची. जोडण्याआधी मीटर लावून आकडा डोळ्यांनी बघा. प्रायमरीला, म्हणजे २३० च्या बाजूला, अर्ध्या अँपिअरचा फ्यूज टाका आणि ट्रान्सफॉर्मर हवा खेळेल अशा पेटीत ठेवा, लाकडी कपाटात कोंबू नका. काही मॉडेलना आत घंटा नसेल तर मध्ये रेझिस्टर (करंट आवरणारा छोटा भाग) लावावा लागतो, काहींना नाही. तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक काय सांगतं ते बघूनच ठरवा.

आणि एक गोष्ट वायरमनलाही बजावून सांगा. मेन पाडला म्हणजे वीज गेली असं नाही. पुष्कळ घरांत बेल इन्व्हर्टरच्या लाइनवर असते. मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, मग टेस्टर, मग हात.

काम झाल्यावर ट्रान्सफॉर्मर इन्व्हर्टरवरच घ्या, राउटरही. लाइट गेल्यावर थोडा गुणगुणेल, घाबरू नका. पण राउटर बंद पडला तर बेल जिवंत राहूनही तुमच्या मोबाइलवर काही येणार नाही. लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर आधी बेल हातात धरून दाराबाहेर उभं राहा आणि वायफाय किती येतंय ते बघा, ड्रिल नंतर.

हे सगळं नको म्हणून बॅटरीची बेल घेणार असाल तर दाराचं तोंड बघा. आमचं पश्चिमेला. मे महिन्यात चारच्या उन्हात गेटची कडी हातात धरवत नाही, तिथे बेलचं काळं प्लास्टिक किती तापत असेल? लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते. वर पत्र्याची छोटी पडवी काढली तरच बसवा.

समोरच्यांचं दार कॅमेऱ्यात येत असेल तर सेटिंगमध्ये तेवढा भाग झाकून टाका, भांडणं नकोत.

दुसरी बेल दोन वर्षं नीट चालतेय. बहीण न्यू जर्सीत असते. उन्हाळ्यात आपले सकाळचे सहा म्हणजे तिचे रात्रीचे साडेआठ. आई-बाबा झोपलेले म्हणून एकदा तिनेच तिकडून सांगितलं, "दूध उंबऱ्यावर ठेवा." दूधवाल्याने आधी खिडकी बघितली, मग गच्ची, मग किटली तिथेच ठेवून दोन पावलं मागे सरकला. तेव्हापासून तो बेलला हात लावत नाही, कडी वाजवतो.