फोनवर फसवणूक झाल्यापासून वडील यूपीआय वापरायलाच तयार नाहीत, त्यांना परत शिकवू की सोडून देऊ?

तुम्ही लिहिलंय की एका फोन कॉलवर वडिलांचे ७,००० रुपये गेले, त्यानंतर त्यांनी सगळी ॲप काढून टाकली, आता किराणा आणायला जाताना खिशात नोटा मोजून घेतात आणि तुम्ही विषय काढला की उठून आतल्या खोलीत जातात. मी बँकेत नाही, पोलिसात नाही, पण आमच्या घरी अगदी हेच झालंय म्हणून लिहिते. लांबेल जरा.

आधी एक, तक्रार केलीत का ते तुम्ही लिहिलेलं नाही. केली नसेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी १९३० ला फोन लावा. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा नंबर आहे, पूर्वी १५५२६० होता. तिथं तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले ती बँक ते रोखून धरू शकते, पण पैसे त्या खात्यात असतील तरच. हे लोक पैसे तिथं ठेवत नाहीत, पुढच्या खात्यात, तिथून अजून पुढं, नाहीतर लगेच एटीएममधून बाहेर. म्हणून पहिला तास दोन तास फार महत्त्वाचे. उशीर झाला असला तरी करा, आणि बँकेलाही लेखी कळवा, कारण तुम्ही कळवल्यानंतर त्याच प्रकारात अजून काही गेलं तर ती जबाबदारी बँकेची असते असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे.

आता आमचं सांगते.

आई सातारला राजवाड्याजवळ राहते, मी पुण्यात. ती शाळेत मराठी शिकवायची, चौतीस वर्षं नोकरी करून रिटायर झाली. २०२१ ला बाबा गेले आणि बँकेचं सगळं तेच बघायचे त्यामुळे तिच्यावर एकदम सगळं पडलं. पुढच्या वर्षी दिवाळीत गेले तेव्हा मी तिच्या फोनवर यूपीआय चालू करून दिलं. करून दिलं म्हणजे काय तर फोन माझ्या हातात, मीच डाउनलोड केलं, मीच बँक जोडली, पिनसुद्धा मीच ठरवला, बाबांचं जन्मसाल, म्हणजे विसरायला नको म्हणून. दहा मिनिटांत झालं. तिला दाखवलं की हे बघ इथं दाबायचं, मग इथं, मग पिन. ती म्हणाली परत एकदा दाखव, मी म्हटलं अगं सोप्पंय, कर तू, येईल आपोआप. आणि माझी साडेचारची गाडी होती.

ती वापरायला लागली. भाजीवाल्या मावशींना, दूधवाल्याला, पेढेवाल्याला. मला बरं वाटायचं की आई मॉडर्न झाली.

मग एक साडी झाली. फेसबुकवर जाहिरात बघून तिनं ४९९ ची कॉटनची साडी मागवली, आली ती पॉलिस्टरची आणि फोटोत होती त्याच्या जवळपासही नाही. परत करायला पत्ता नाही, फोन नंबर लागत नाही. मी फोनवर तिला बोलले, म्हणजे रागावलेच, की आई अगं कशाला काहीही दाबत बसतेस, विचारायचं ना आधी, तुला कळत नाही तर कशाला करायचं. तेव्हा मला ते काहीच वाटलं नव्हतं, ४९९ ची गोष्ट, दुसऱ्या दिवशी मी विसरूनपण गेले. ती विसरली नव्हती.

तीन महिन्यांनी एका सोमवारी तिला मेसेज आला, मागचं लाईट बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री साडेनऊला लाईट तोडणार, ताबडतोब या नंबरवर संपर्क करा. हा मेसेज तेव्हा हजारो लोकांना येत होता, पेपरमध्ये पण येऊन गेलं होतं. पण एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री साडेनऊला अंधार होणार म्हटल्यावर काय वाटत असेल. तिनं फोन केला. तो माणूस अतिशय गोड बोलत होता, मॅडम मॅडम करत होता. बिल भरलंय तुम्ही पण सिस्टीममध्ये अपडेट झालेलं नाही, एक ॲप घ्या आणि फक्त १० रुपये भरा, अपडेट होईल. ते ॲप म्हणजे तिची स्क्रीन त्याला तिकडं दिसेल असं होतं. तिनं दहा रुपये भरताना जे जे दाबलं ते सगळं त्यानं बघितलं. १८,४०० गेले. दोन वेळा मिळून.

हे मला सोमवारी कळलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रोज रात्री आमचा फोन व्हायचा आणि रोज ती म्हणायची सगळं ठीक आहे. शनिवारी मी गेले, जेवताना ती म्हणाली, कामाच्या मावशींचे पैसे या महिन्यात तू देशील का? पेन्शन येऊन आठच दिवस झाले होते. मी विचारलं का गं, तर ताटातला भात कालवत राहिली, खाली बघून. मग सांगितलं सगळं. मी म्हटलं त्याच दिवशी का नाही फोन केलास? ती म्हणाली, "तू रागावशील म्हणून."

मी १९३० ला फोन लावला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, कधी झालं? सोमवारी म्हणताना माझा आवाज निघत नव्हता. पाच दिवस. पैसे तीन खात्यांतून फिरून केव्हाच काढले गेले होते. त्यातला एक रुपया परत आला नाही. सोमवारी संध्याकाळी तिनं मला फोन केला असता तर कदाचित आला असता, आणि तिनं तो केला नाही याचं कारण मी आहे. हे मी कुणाला सांगत नाही सहसा, पण तुम्ही विचारलंत म्हणून.

त्यामुळं तुमचे वडील उठून आत जातात ना, ते यूपीआयला घाबरून जात असतील असं मला नाही वाटत. ७,००० गेल्यापेक्षा मुलासमोर आपण बावळट ठरलो हे त्यांना जास्त लागलेलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर घर चालवलं, तुमची फी भरली, बँकेत रांगा लावल्या, त्याला एक पोरगं फोनवर गंडवतं आणि वर आपण म्हणतो 'तुम्हाला सांगितलं होतं ना.' म्हणून शिकवायच्या आधी एकदा नुसतं ऐकून घ्या, काय झालं, तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात. मध्ये एकदाही 'पण तुम्ही का' असं म्हणू नका. आणि त्यांना सांगा की हे चांगले शिकलेले, नोकरीतले, इंजिनिअर लोकपण फसतायत, खरंच फसतायत, डिजिटल अरेस्ट म्हणून जे चालतं, म्हणजे पोलीस बनून व्हिडिओ कॉलवर अटकेची भीती घालतात, त्यात तर काय काय लोकांनी आयुष्यभराची एफडी मोडून दिली. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये रेडिओवर त्यावर बोलून सांगितलं होतं की व्हिडिओ कॉलवर अटक असा प्रकार कायद्यातच नाही.

आईनं दीड वर्ष यूपीआयला हात लावला नाही, आणि मी पण विषय काढला नाही. परत सुरू झालं ते तिच्याच मनानं. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झाल्यापासून ती पुण्याला वरचेवर यायला लागली, दरवेळी कंडक्टरशी सुट्ट्यांवरून बोलाचाली. एकदा शेजारच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीनं मशीनवरचा कोड स्कॅन करून तिकीट काढलं, ते बघून आली आणि म्हणाली, शिकव परत, पण या वेळी फोन माझ्या हातात राहील.

आणि मग तिनं जे सांगितलं ते मी तसंच्या तसं लिहिते. "चौतीस वर्षांत मी एकाही पोराच्या हातातली पाटी ओढून घेतली नाही. अक्षर चुकलं तरी त्याचं त्याला पुसू द्यायचं. तू माझा फोन ओढून घेतेस."

मी खरंच हात मागे घेऊन बसले. तिनं वही काढली, दोनशे पानी, आणि एकेक पायरी मराठीत लिहून काढली, स्कॅनर समोर धरायचा, कुणाचं नाव येतंय ते मोठ्यानं वाचायचं, रक्कम टाकायची, रक्कम परत वाचायची, मग पिन. पिन तिनं नवा ठरवला, मला सांगितला नाही. पहिल्या पानावर लाल पेननं एकच वाक्य आहे, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. माझ्या मते निम्म्याहून जास्त फसवणूक या एका वाक्यावर अडते, कारण तुम्हाला रिफंड देतो, कॅशबॅक देतो, पेन्शनचा फरक देतो असं म्हणून शेवटी पिनच टाकायला लावतात. दुसरं वाक्य खाली तिनं स्वतःहून लिहिलंय, घाई करणाऱ्याचा फोन ठेवून द्यायचा.

सरावासाठी ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेली, तो तिचा जुना विद्यार्थी. एक रुपया पाठवायची, त्याच्या काउंटरवरचा डबा बोलायचा, एक रुपया प्राप्त झाला, की ती परत एक रुपया पाठवायची. अकरा वेळा केलं म्हणे. तो काही बोलला नाही, गिऱ्हाईक थांबवून ठेवलं, फक्त म्हणायचा, बाई, आधी नाव वाचा. असा एक माणूस तुमच्या वडिलांना मिळाला तर बघा, घरच्यांपेक्षा ते बरं असतं, कारण त्याच्यासमोर हरल्यासारखं वाटत नाही.

पैशाची व्यवस्था आम्ही बदलली. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. दुसऱ्या बँकेत साधं खातं काढलं, त्यात महिन्याला ती स्वतः बँकेत जाऊन ५,००० टाकते, फोनला फक्त ते खातं जोडलंय. म्हणजे अगदी वाईटात वाईट झालं तरी त्या खात्यात असतील तेवढेच जातील, आणि ही गोष्ट माहीत असल्यामुळंच तिचा हात थरथरत नाही. यूपीआय सर्कल म्हणून पण एक सोय आहे, २०२४ मध्ये आली, त्यात वडील त्यांच्या फोनवरून पैसे देतील पण जातील तुमच्या खात्यातून, प्रत्येक वेळी तुम्ही मंजुरी द्यायची किंवा महिन्याला १५,००० पर्यंतची मर्यादा घालून मोकळं सोडायचं. मी आईला सुचवलं होतं. ती म्हणाली, म्हणजे भाजीपण तुला विचारून घेऊ? तिथंच तो विषय संपला. तुमच्या वडिलांना कदाचित चालेल, पण विचारून करा, परस्पर नको.

आणि एक ठरवलंय आम्ही दोघींनी, लिहून नाही, तोंडी. काहीही शंका आली की ती मला फोन करणार, मी मीटिंगमध्ये असले तरी उचलणार, आणि पहिलं वाक्य 'बरं केलंस फोन केलास' एवढंच असणार. सुरुवातीला दिवसाला चार फोन यायचे, कुरिअरचा मेसेज आलाय खरा का, बँकेचा आलाय खरा का. ऑफिसात अवघड व्हायचं पण मी उचलायचे. आता आठवड्याला एखादा येतो. गेल्या पावसाळ्यात तसाच एक लाईट बिलाचा मेसेज परत आला होता, या वेळी दुसऱ्या नंबरवरून. तिनं फोन करून मला वाचून दाखवला आणि म्हणाली, बघ गं, शुद्धलेखन किती चुकलंय, सरकारी माणूस 'ततकाळ' असं लिहील का?

या जानेवारीत सातारला ९९ वं साहित्य संमेलन झालं, १ ते ४ तारखेला, शाहू स्टेडियमवर. १९९३ ला सातारला झालं होतं तेव्हा आई-बाबा दोघं गेले होते, विद्याधर गोखले अध्यक्ष होते, ती अजून सांगते. या वेळी मैत्रिणीबरोबर गेली. मला यायला जमलं नाही. दुपारी तिचा स्क्रीनशॉट आला, पुस्तकांच्या स्टॉलवर ६४० रुपये, वर प्रकाशकाचं नाव, खाली लिहिलेलं, 'नाव वाचलं, रक्कम वाचली, मग दिले.' संध्याकाळपर्यंत अजून तीन आले. बाबा असते तर पिशव्या त्यांनी धरल्या असत्या, असंही लिहिलं होतं शेवटच्याला.

लाईट बिल मात्र ती अजूनही फोनवरून भरत नाही. दर महिन्याला केंद्रावर जाते, रांगेत उभी राहून रोख भरते, शिक्का बघून पावती फाइलला लावते. मी त्यावर काही बोलत नाही.