रात्री स्वयंपाकघरात गॅसचा वास येत असेल, तर एक्झॉस्ट पंखा लावून तो घालवावा का?

आपण लिहिले आहे की, रात्री ओट्याखाली गॅसचा मंद वास येतो, सकाळी तो जाणवत नाही, आणि तोवर एक्झॉस्ट पंखा लावला तर चालेल का. कृपया पंखा लावू नका, आणि तो आधीच चालू असेल तर बंदही करू नका, कारण बटणाच्या आत उडणारी ठिणगी दोन्ही वेळा सारखीच घातक असते.

सिलिंडरमधील गॅस, म्हणजे प्रोपेन व ब्यूटेनचे मिश्रण, हवेपेक्षा जड असल्यामुळे ओट्याखाली आणि ट्रॉल्यांमागे साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी तो पेट घेऊ शकतो. म्हणून ओट्यावरची खिडकी उघडून भागत नाही, जमिनीलगत उघडणारे गॅलरीचे दार उघडावे लागते. (आपल्याकडे पाइपचा गॅस असेल तर तो हलका असून वर चढतो, तेव्हा वरच्या खिडक्याही उघडाव्यात.)

नाशिकच्या थंडीत आपण दारे-खिडक्या गच्च लावून झोपतो. अशाच एका डिसेंबरात सिडकोतील आमच्या घरी पहाटे वास आला. सासूबाईंचा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला, तो मी धरला. अंधारातच रेग्युलेटर बंद करून काढला, तरी सिलिंडरच्या तोंडाशी बारीक सूं सूं आवाज येतच राहिला. दोरीला लटकणारी सुरक्षा टोपी घट्ट दाबून बसवली, तेव्हा तो थांबला. गॅलरीचे दार उघडे ठेवून सगळे खाली उतरलो आणि तळमजल्यावरच्या मीटरपाशी आमच्या घराची वीज बंद केली, कारण फ्रिज आपोआप चालू होतानाही ठिणगी पडू शकते. गॅसगळतीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावर फोनही खाली आल्यावरच केला. आदल्या संध्याकाळी आलेल्या त्या सिलिंडरच्या वॉल्व्हची पिन अडकलेली निघाली. आमचा वास मंद होता म्हणून एवढे करता आले. वास उग्र असेल तर कशालाही हात न लावता आधी घराबाहेर पडावे.

आपल्याकडील वास मंद आणि रोजचा असल्याने मला वॉल्व्हमधल्या रबरी वायसरची किंवा नळीची शंका येते. दिवसा, दारे उघडी ठेवून, साबणाचा दाट फेस रेग्युलेटरच्या सांध्याला आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावून पाहा. जेथे फुगे येत राहतात, तेथे गळती आहे. काडी पेटवून मात्र कधीही पाहू नये. नळी ५ वर्षांत बदलायची असते आणि तिचे साल तिच्यावरच छापलेले असते.

सकाळी वास जातो, यावर फार विसंबू नका. नाक त्या वासाला सरावते, म्हणून बाहेरून आलेल्या शेजाऱ्यांना विचारून खात्री करावी. आज रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा, आणि तरीही वास आला तर फोन करायला सकाळ होण्याची वाट पाहू नका.